बरडीचा चढ आणि माझा खांदा

"थांबा जी, उतरतो मी."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला आता चाळीस वर्षं होत आली. पण बरडीकडून वारा सुटला की तो अजून माझ्या अंगावरून जातो. आमच्या वर्धा जिल्ह्यात बायाही 'येतो, जातो'च म्हणतात, म्हणून नवल मानू नका, आवाज आनंदाबाईंचा. बरडीचा चढ लागला, माझा दम कोंडला, की मागच्या कॅरिअरवरून तो यायचा. मग एक चप्पल फुफाट्यात टेकायची. माझ्या पाठीवरचं ओझं हलकं व्हायचं आणि मनावरचं जड.

मित्रांनो, मी एक जुनी मोपेड आहे. टाकीवरचं कंपनीचं नाव कधीच पुसलं गेलं. त्यामुळे ओळख सांगायची तर एवढीच, की मी वडनेरच्या किसनरावांची गाडी. मला सायकलीसारखे पायडल आहेत. ते मारले की मी जागी होते. आरसे दोन होते, त्यातला एक उरलाय, तोही तडकलेला. तरी त्यात मागचं सगळं दिसतं. म्हाताऱ्या माणसाला मागचंच जास्त दिसतं म्हणतात, तसंच माझं.

एका मोठ्या कारखान्यात, शेकडो बहिणींच्या रांगेत माझा जन्म झाला. माझा रंग पिकल्या जांभळाचा. वर्ध्याच्या एका दुकानात मी काचेआड उभी होते, तेव्हा डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेला एक उंच, सडपातळ तरुण आला. त्यानं आधी मला विचारलं नाही, दुकानदारालाही विचारलं नाही. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा हात माझ्या सीटवर ठेवला आणि थोडा वेळ नुसता उभा राहिला. तेच किसनराव. बोलणं कमी, हात मात्र प्रेमळ.

वडनेरला पोचलो तेव्हा आनंदाबाईंनी मला ओवाळलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. मग चहूकडून मला न्याहाळून नवऱ्याला म्हणाल्या, "हे चारा खात नाई, पाणी पीत नाई. मंग चालते कायच्यावर?"

"पेट्रोलवर."

"म्हंजे खातेच ना! मंग जनावरच झालं थे."

त्या दिवसापासून त्या घरात मी जनावर झाले. आणि याचा फायदा मला पोळ्याला मिळाला.

पोळा तुम्हाला ठाऊक आहे. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी काय होतं, ते ठाऊक आहे का? त्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जिथं जू बसतं, तिथं ऊन पाण्यानं शेकतात, लोणी-हळद चोळतात आणि बैलाच्या कानात सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." आनंदाबाई बैलांचे खांदे मळत आणि मळता मळता गुणगुणत:

बैला तुह्या खांद्या लावू हळद-लोणी,
तुह्या दुखाचं रे माह्या डोया पाणी.

त्या पहिल्या वर्षी बैलांचं झाल्यावर वाटीत थोडं लोणी उरलं. त्या माझ्यापाशी आल्या आणि गोंधळल्या. "इचा खांदा कोठी आहे जी?"

किसनरावांनी हसून माझ्या उजव्या कुशीवरचं गोल झाकण दाखवलं. "इंजिनाचा जोर येथून चाकाले जाते. हाच खांदा समज."

त्यांनी त्या झाकणावर लोणी-हळदीची पाच बोटं ओढली. मित्रांनो, लोखंडाला चव कळत नाही म्हणतात. खोटं आहे ते.

किसनरावांनी सांगितलं ते मात्र खरं होतं. माझी ताकद इंजिनात, पण ओढणारा खांदा त्या झाकणाआड. तिथं क्लच आहे. इंजिन गरगर फिरू लागलं की क्लचमधल्या दोन पट्ट्या झोकानं बाहेर फाकतात आणि भोवतीच्या वाटीला घट्ट धरतात. मग वाटी फिरते, तिच्यासंगे गिअर फिरतं, चेन फिरते आणि चाक. दोन मुली फुगडी घालतात ना, तसंच. हात घट्ट तर फुगडी रंगते. हाताला लोणी लागलेलं असेल तर? दोघी दोन दिशांना!

माझी फुगडी सपाट रस्त्यावर छान चाले. कापसाचं गाठोडं, दुधाचे कॅन, हिंगणघाटच्या बाजारातून आणलेला कुकर, सगळं मी वाहिलं. "किसनरावची गाडी म्हंजे गाय आहे," असं लोक म्हणत. पण आनंदाबाईंचं माहेर बरडीपलीकडे होतं. बरडी म्हणजे मुरमाड उंचवटा. वाट सरळ वर चढते, मध्ये वळण नाही की सपाटी नाही. एकट्या किसनरावांना घेऊन मी कशीबशी चढे. दोघं बसली की माझ्या पट्ट्या घसरत, इंजिन नुसतं बोंबले.

"थांबा जी, उतरतो मी."

आम्ही पुढं जात असू. वर हिरालालचं किराणा दुकान होतं. त्याच्या ओट्यापाशी किसनराव मला उभी करीत आणि खाली बघत राहत. मग पदर डोक्यावर, हातात पिशवी, पुढं मुलगा झाला, आदेश, तेव्हा कडेवर तो, अशा आनंदाबाई चढाच्या कडेवर आधी केसांनी, मग कपाळानं, मग हसण्यानं उगवत. पुन्हा माझ्यावर बसत. अशी चार-पाच वर्षं गेली. मला वाटे, हे असंच चालायचं.

मग तो दिवस आला. उन्हाळ्याचे दिवस होते. हिरालालच्या ओट्यावर चार माणसं पानं खात बसली होती. किसनराव नेहमीसारखे खाली बघत होते आणि आनंदाबाई लेकराला घेऊन अर्ध्या चढावर होत्या. हिरालाल मोठा गमत्या माणूस. तराजू खाली ठेवून म्हणाला, "काय किसनराव! राजा वरतं अन् राणी खालतं? गाडीले बायको झेपत नाई का तुमालेच झेपत नाई?"

चौघं हसली. हिरालालही हसला, त्यानं किसनरावांना पान पुढं केलं. वाईट माणूस नव्हता तो. पण माझ्या हँडलवरची किसनरावांची मूठ इतकी आवळली की रबर कुरकुरलं. आनंदाबाई वर आल्या तेव्हा ते त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "बस."

त्यानंतर किसनरावांनी त्यांना माझ्यावर कधी बसवलं नाही.

"पेट्रोल कमी आहे." "रस्ता खराब आहे." "तू बैलगाडीनं जाजो." आधी कारणं होती. मग कारणं सांगणंही थांबलं. आनंदाबाईंनी एकदाही विचारलं नाही की काऊन जी, माझं काय चुकलं? त्या बैलगाडीनं गेल्या, यष्टीनं गेल्या, मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या मोटारसायकलवर गेल्या. गावात बायका म्हणत, "मालकानं गाडीवरून उतरवली इले." त्या हसून पाणी भरत. पण एकदा मी पाहिलं. अंगण झाडता झाडता त्या माझ्यापाशी थांबल्या आणि तडकल्या आरशात स्वतःचा चेहरा बघितला. या गालावरून, त्या गालावरून. आपल्यात लाज वाटण्यासारखं काय आहे, ते शोधत असल्यासारखा.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, "बाई, तुमची लाज नाही हो त्यांना. लाज माझ्या खांद्याची आहे." पण मला आवाज फक्त इंजिनाचा, आणि तोही दुसऱ्यानं पायडल मारल्यावर.

पुढं माझे दिवस फिरले. आदेशनं पिकअप घेतली. मला कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, लोटलं. वर तुरीच्या तुराट्या रचल्या. एका कोंबडीनं माझ्या सीटवर सलग तीन वर्षं अंडी घातली आणि पिल्लंही काढली. तेवढीच माझी कमाई. टायर बसले. टाकीत गंज चढला. मात्र दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे मळून झाले की, कोठ्याचं दार करकरत असे. आनंदाबाई येत. तुराट्या बाजूला सारून माझ्या झाकणावर लोणी-हळदीची पाच बोटं ओढीत. "आज आवतण घे वं, उद्या जेवाले ये." एवढंच हळूच म्हणत आणि दार लावून जात. पहिल्या पोळ्यापासून आजवर एकदाही चुकल्या नाहीत. किसनरावांना हे माहीत नव्हतं.

आता आताची गोष्ट सांगते.

दोन वर्षांपासून आनंदाबाईंचे गुडघे गेलेत. यष्टीची पायरी उंच, पिकअपची त्याहून उंच, मोटारसायकलवर पाय टाकवत नाही. माहेर सुटलं. त्यांचे थोरले भाऊ भैयाजी ऐंशीच्या घरात. त्यांनाही कुठं जाववत नाही. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी त्यांचा फोन आला. फोन मोठ्यानं लावलेला होता, म्हणून कोठ्यापर्यंत ऐकू आला. "बाई, तान्ह्या पोळ्याले येजो. पुढच्या पोळ्याचं कोणं पाह्यलं?"

"येतो ना दादा," आनंदाबाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्या बराच वेळ गुडघे चोळत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठ्याचं दार उघडलं. किसनराव होते. केस पांढरे, दुपट्टाही पांढरा. त्यांनी तुराट्या काढल्या, कोंबडीला हुसकलं, आणि माझ्या सीटवर हात ठेवून थोडा वेळ नुसते उभे राहिले. अगदी वर्ध्याच्या दुकानात उभे होते तसे. माझी सीट त्यांच्या मांडीइतकीच उंच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला नुसतं टेकलं तरी पुरावं इतकी.

"बाबा, भंगारवाला येऊन राह्यला उद्या," आदेश मागून म्हणाला. "हे देऊन टाकू."

"नाई."

"मंग काय करता हिचं? अंडे घालता?"

"बरडी चढवाची आहे. दोघांनं."

आदेश हसायला लागला आणि बापाचा चेहरा बघून थांबला. कोण दोघं, हे त्यानं विचारलं नाही. मुलगा मनाचा चांगला. पण त्यालाही वाटलं की प्रश्न फक्त ताकदीचा आहे. त्यानं मोबाइलवरून मोठा पिस्टन आणि मोठं सिलिंडर मागवलं, हिंगणघाटच्या एका कारागिराकडून बसवून घेतलं. टाकी धुतली, टायर बदलले. मी पायडलच्या दुसऱ्याच फेऱ्याला असा आवाज काढला की कोंबड्या आढ्यावर गेल्या.

"पाहा बाबा! वाघीण झाली!"

आनंदाबाईंना काही सांगायचं नाही, असं किसनरावांनी बजावलं होतं. मग पारख कशी करायची? वजन तर हवं. किसनरावांनी विचार करून सरकीचं एक पोतं आणलं.

"किती किलो आहे?" आदेशनं विचारलं.

"तुह्या मायइतकं असन."

"मायले विचारलं?"

"मार खाजो तूच विचारून."

पोतं माझ्यावर बांधून आम्ही बरडीला गेलो. चढ लागला. इंजिन गर्जलं आणि माझ्या खांद्यात आग झाली. पट्ट्या वाटीला धरायला जात आणि घसरत, धरायला जात आणि घसरत. आवाज आभाळाला भिडला, चाक मात्र जागचं हलेना. जळका वास सुटला. किसनराव पोत्यासकट मला ढकलत खाली घेऊन आले. त्यांच्या तळहाताचा घाम माझ्या मुठीला लागला, तो पस्तीस वर्षांपूर्वीचाच होता.

मग आदेशनं मला पिकअपमध्ये टाकून जाम गावच्या चौकात नेलं. तिथं चहूकडचे ट्रक थांबतात. त्या गर्दीत श्रावण मिस्त्रीचं छोटं दुकान आहे. श्रावणची सासुरवाडी वडनेरची, त्यामुळे ओळखही होती. त्यानं माझी हकीकत ऐकली, झाकण काढलं आणि कपाळावर हात मारला.

"आदेशभाऊ, तुमी शेतकरी ना बे? गोऱ्ह्याच्या खांद्यावर दोन बैलाचं जू ठेवसान का?"

"नाई."

"मंग हिच्यावर काऊन ठेवलं? इंजिन पैलवान केलं अन् खांदा लेकराचाच ठेवला. पट्ट्या जळल्या, गिअरचे दात घासले. ताकद वाढवली त आधी खांदा वाढवा लागते. खांदा आतमधी असते भाऊ, दिसत नाई, म्हणून लोक विसरते."

पंधरा दिवस मी श्रावणकडे होते. त्यानं दोनाऐवजी तीन पट्ट्यांचा क्लच बसवला, पट्ट्यांना नवा खरखरीत थर लावून घेतला. पट्ट्यांना आत ओढून ठेवणाऱ्या स्प्रिंगा जरा कडक घातल्या, म्हणजे इंजिन नीट दम घेईपर्यंत पट्ट्या घाई करणार नाहीत. पहिल्यांदा त्या फारच कडक झाल्या. मी ठणाणा करायची आणि मग एकदम बेडकासारखी उडी मारायची. "म्हाताऱ्याले पाडते ही," म्हणून त्यानं पुन्हा उघडलं, पुन्हा बदलल्या. असं तीनदा. बेअरिंगं नवी घातली. गिअरची जोडी लेथवर करून आणली. चेन मोटारसायकलची, आणि मागचं दातेरी चाक पहिल्यापेक्षा मोठं. "पळण्यात थोडी मागं राहीन, पण चढावर जोर येईन," तो म्हणाला. शेवटी ट्रकच्या स्टिअरिंगमध्ये घालतात ते पातळ लाल तेल मोजून आत ओतलं. "हिचा क्लच तेलातच राह्यते. याच्याशिवाय दुसरं काहीच टाकाचं नाई. ट्रॅक्टरचं त मुळीच नाई. पट्ट्या घसरते. समजलं?"

"समजलं," आदेश म्हणाला.

पोळ्याला तीन दिवस होते. पुन्हा सरकीचं पोतं, पुन्हा बरडी. मी चढाला लागले. पट्ट्यांनी वाटीला हात घातला आणि धरून ठेवला. मित्रांनो, काय सांगू! आयुष्यभर घसरलेला हात कुणी घट्ट धरावा, तसं झालं. मी पोत्यासकट वर गेले. किसनराव वर उतरले आणि पोत्याकडे बघून हसले. कुणी पाहिलं असतं तर माणूस वेडा झाला म्हणालं असतं.

"चढली ना बाबा?" आदेश घरी विचारत होता. "श्रावण म्हणे थे खरं. खांदा आतमधी असते."

चुलीपाशी बसलेल्या आनंदाबाईंनी हे ऐकलं. बाकीचं काही त्यांना माहीत नव्हतं, एवढंच ऐकलं.

आणि मग पोळ्याचा आदला दिवस आला.

बैलांचे खांदे मळून झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मी आता कोठ्यात नव्हते, ओसरीला उभी होते, पुसून चकचकीत. त्यांनी लोण्याची वाटी खाली ठेवली. झाकणावर पाच बोटं ओढणार, तोच थांबल्या. "आतमधी असते म्हणे," स्वतःशीच पुटपुटल्या. तेल ओततात ते बूच त्यांनी आदेशला उघडताना पाहिलं होतं. त्यांनी ते फिरवून काढलं. चुलीवर लोणी पातळ केलं, त्यात हळद कालवली, आणि लेकराला औषध पाजावं तशी हळूहळू ती वाटी माझ्या खांद्यात रिकामी केली.

"एवढे वर्सं वरतूनच लावत होतो वं तुले. आतमधी दुखत असन, मले समजलंच नाई."

मी काय करू? मला कळत होतं की हे चुकतंय. आणि इतक्या मायेनं माझ्या दुखण्यापर्यंत कुणी पोचलंही नव्हतं.

पोळ्याच्या सकाळी किसनराव मला एकदा चालवून बघायला निघाले. गावाबाहेरच्या छोट्याशा चढावरच मी अडले. इंजिन बोंबललं, चाक थांबलं. पट्ट्या लोण्यात न्हाल्या होत्या, धरणार काय? किसनराव खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसले. त्यांचा चेहरा मला आरशात दिसत होता. उद्या तान्हा पोळा. भैयाजी वाट बघणार. आणि हा माणूस पुन्हा तेच सांगणार, पेट्रोल कमी आहे, रस्ता खराब आहे.

नशीब एवढं की श्रावण पोळ्यासाठी सासुरवाडीला आलेला होता. तो पुरणपोळीच्या ताटावरून उठून आला. ओसरीत पोतं अंथरून त्यानं माझं झाकण काढलं. तेलाऐवजी पिवळंजर्द काहीतरी बाहेर आलं. त्यानं बोट लावलं, वास घेतला.

"हे त... हळद आहे! अन् लोणी! अबे आदेशभाऊ, गिअरमधी फोडणी कोणं देल्ली?"

आदेश पोट धरून हसू लागला. श्रावणही. किसनराव हसले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथं आनंदाबाई चौकट धरून उभ्या होत्या, चेहरा उतरलेला.

"मी टाकलं," त्या म्हणाल्या. "दरसाल लावतो ना मी तिच्या खांद्याले. तुमीच दाखवला होता खांदा. औंदा आदेश म्हणे आतमधी असते, त आत टाकलं. खराब झाली का जी?"

"दरसाल?" किसनरावांनी विचारलं.

"हौ."

"कोठ्यात होती तवाबी?"

"मंग! कोठ्यात असली म्हणून का जनावर नाई राह्यली?"

आदेशचं हसू थांबलं. किसनराव उठले, राकेलची बाटली आणि चिंध्या घेऊन आले, आणि श्रावणशेजारी मांडी घालून बसले. सणाच्या दिवशी, नव्या धोतरानिशी. एकेक पट्टी त्यांनी स्वतः धुतली, वाळवली, खरखरीत कागदानं घासली. श्रावण म्हणाला, "काकाजी, मी करतो." ते म्हणाले, "नाई, मले करू दे." दुपारपर्यंत माझा खांदा कोरडा झाला, त्यात पुन्हा लाल तेल भरलं. बाहेर बैलांना झुली चढत होत्या. माझ्याही हँडलला कुणीतरी बेगड बांधली. कुणी, ते मी सांगत नाही. गुडघे दुखत असूनही वाकून बांधली, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, किसनरावांनी मला दारात उभं केलं आणि घरात हाक दिली. बायकोला ते नावानं कधीच हाक मारत नसत. "अवं" म्हटलं की झालं.

"अवं, चाल. तुह्या माहेरी जाऊ."

"कायनं?"

"हिच्यानं."

आनंदाबाईंनी उंबऱ्यातच पदर डोक्यावर घेतला, पिशवी उचलली. मग आल्या. मला धरून टेकल्या. पाय उचलावा लागला नाही. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत होती, ती आमच्यामागं धावली. "आजी चालली! आजी गाडीवर चालली!"

बरडी लागली. मुरूम तसाच, चढ तसाच. माझं इंजिन जड झालं. मागून, पस्तीस वर्षांनी, तोच आवाज आला.

"थांबा जी, उतरतो मी."

"बसून राह्य," किसनराव म्हणाले.

तीन पट्ट्यांनी वाटी धरली. मी चढले. घाईनं नाही, बैलासारखी, एकेक पाऊल टाकत. अर्ध्या चढावर आनंदाबाईंची मूठ किसनरावांच्या सदऱ्यावर आवळली. आणि आम्ही वर आलो, तिघंही एकदम.

हिरालालचं दुकान आता बंद असतं. पण तो स्वतः ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, दात गेलेले, हातात काठी. किसनरावांनी मला त्याच्यासमोरच थांबवलं.

"हिरालालभाऊ, पाह्य. दोघंबी वरतं आलो."

हिरालाल डोळे बारीक करून बघत राहिला. "आले त आले ना किसनराव. काय झालं?"

"तू म्हटलं होतं. राजा वरतं अन् राणी खालतं. गाडीले बायको झेपत नाई."

"मी?" हिरालाल आठवू लागला. मनापासून आठवू लागला, बिचारा. "कवा म्हटलं बाप्पा? मले त काहीच याद नाई." आणि बोळकं उघडून हसला. "बसा, पाणी प्या. वहिनी, लई दिवसांनी आल्या!"

किसनरावांचे खांदे एकदम खाली आले. जू काढल्यावर बैलाचे येतात तसे. पाणी पिऊन आम्ही निघालो.

मित्रांनो, निरोप घेण्याआधी एक मागणं मागते. तुमच्या घरात कुणी ओझं वाहत असेल, गाडी असो, बैल असो, की माणूस असो, तर त्याच्या ताकदीचं कौतुक जरूर करा, पण त्याचा खांदाही बघा. खांदा आत असतो. वरून पुसून कळत नाही. तो उघडून बघावा लागतो, वेळेवर धुवावा लागतो. मला तेलाची वेळ विचारा, पट्ट्या घासल्या की बदला, आणि लोणी मात्र वरूनच लावा!

तर बरडीपलीकडे लांब उतार आहे. उतारावर किसनराव नेहमी माझं इंजिन बंद करतात. त्यांनी ते बंद केलं. सगळीकडे शांत झालं. फक्त चेनचा बारीक आवाज आणि कडेच्या कपाशीच्या पऱ्हाटीतून जाणारा वारा. किसनराव समोर बघत होते. मागं बघायची सोय नव्हती आणि बहुतेक म्हणूनच मागून तो प्रश्न आला, जो पस्तीस वर्षं चुलीशी, विहिरीवर, आरशासमोर गिळला गेला होता.

"मंग काऊन बसवत नव्हते जी मले? थो हिरालाल हासला म्हणून? माही लाज वाटली?"

अर्ध्या उतारावर माझ्या मुठीवरची किसनरावांची पकड सैल झाली.

"तुही नाई. लेकरू काखेत घेऊन तू उन्हातून पायी येत होती, अन् मी वरतं गाडीवर बसून पाहत होतो. मले माहीच लाज वाटली, आनंदा. मी उतरून तुह्यासंगं पायी चालाले पाह्यजे होतं. थे मले तवा सुचलं नाई, अन् सुचलं तवा सांगता आलं नाई."